छोट्या ट्रॅक्टरचा टेम्परेचरचा काटा लालवर जातोय? इंजिन खरंच तापलंय का ते आधी ठरवा

साधारण १५ ते ४० एचपीचे छोटे वॉटर कूल्ड डिझेल ट्रॅक्टर माझ्याकडे याच एका तक्रारीसाठी परत परत येतात, आणि बहुतेक वेळा मालकाने आधीच एखादा पार्ट बदललेला असतो. कुणी थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारा-बंद करणारा व्हॉल्व्ह) बदललेला असतो, कुणी सेन्सर, कुणी तर अख्खा रेडिएटर, आणि तरी काटा जिथे जायचा तिथेच जातोय. कारण एकच, मोजायच्या आधी पार्ट बदलला. काटा वर गेला याचे दोन अर्थ होतात, एक तर इंजिन खरंच तापलंय किंवा इंजिन ठीक आहे आणि मीटर चुकीचं दाखवतंय. ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हीचा इलाज वेगळा.

आधी लक्षणं नीट बघा, अर्धं उत्तर तिथेच असतं

काटा कधी चढतो आणि कसा चढतो हे लिहून ठेवा, खरंच कागदावर लिहा, कारण मेकॅनिककडे गेल्यावर "कधी कधी गरम होतो" एवढंच सांगितलं तर तोही अंदाजानेच सुरुवात करणार.

जड काम करताना, म्हणजे रोटाव्हेटर किंवा गवत कापायचं यंत्र लावलं असताना, काटा हळूहळू चढतो आणि काम थांबवून न्यूट्रलला ठेवला की खाली येतो, तर इंजिन खरंच तापतंय आणि उष्णता बाहेर पडत नाहीये. रेडिएटरची जाळी, बेल्ट, पाणी या तिघांपैकीच काहीतरी बहुतेक.

थंड इंजिन चालू केलं आणि चार-पाच मिनिटांत, लोड नसतानाच काटा वर, तर पाणी फिरत नाहीये (थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा पाणीच कमी आहे) नाहीतर हेड गॅस्केटमधून (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून) गॅस पाण्यात शिरतोय.

किल्ली फिरवली, इंजिन चालूही केलं नाही आणि काटा सरळ लालवर, तर ती वायरिंगची किंवा सेन्सरची भानगड. थंड इंजिन गरम असूच शकत नाही. याउलट काटा तळातून हलतच नाही, तर वायर तुटलेली, सेन्सर गेलेला, फ्यूज उडालेला, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिलाय आणि इंजिन गरमच होत नाहीये.

काटा उड्या मारतोय, आत्ता वर, लगेच खाली, परत वर. इथे सगळे लूज कनेक्शन म्हणून मोकळे होतात, पण थांबा. पाणी कमी झालं की सेन्सरच्या तोंडाशी कधी पाणी कधी वाफ अशी येत राहते आणि काटा असाच नाचतो. त्यामुळे उड्या मारणारा काटा दिसला तर वायर बघायच्या आधी पाणी बघायचं.

आणि सगळ्यात धोक्याचं लक्षण हे की काटा मधोमध किंवा खाली आहे पण बॉनेटमधून वाफ येतेय, गरम रंगासारखा वास येतोय, इंजिनची ताकद कमी वाटतेय. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो बरोबर सांगतो. पाणी सगळं निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो, हवेतून त्याला तेवढी उष्णता लागत नाही आणि काटा चक्क खाली येतो. अशा वेळी माणूस खूश होतो की गार झालं बुवा, आणि इंजिन तिकडे जळत असतं. काटा वर जाऊन अचानक खाली पडला तर त्याच सेकंदाला काम बंद करा.

चालू कामात काटा लालवर गेला तर

लोड काढा, पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद, न्यूट्रल, आणि वाफ किंवा पाणी बाहेर येत नसेल तर लगेच किल्ली बंद करू नका. रेस मध्यमपेक्षा थोडी कमी ठेवून दोन-चार मिनिटं चालू द्या, म्हणजे पंप आणि पंखा फिरत राहतो आणि हेडमधली उष्णता पाण्यातून बाहेर निघते. गरम इंजिन एकदम बंद केलं की पाणी जागच्या जागी थांबतं आणि हेडजवळचं तापमान अजून चढतं. (म्हणूनच बंद केल्यावर परत किल्ली लावली की काटा थोडा वर दिसतो, तेवढ्याने घाबरू नका.) पण पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतंय, बेल्ट तुटलाय, किंवा काटा उतरायचं नावच घेत नाही, तर मात्र सरळ बंद करा, कारण आता इंजिन चालू ठेवून काही गार होणार नाही.

मग थांबायचं. किमान अर्धा-पाऊण तास. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही. हे मी जितक्या वेळा सांगतो तितक्या वेळा कुणीतरी म्हणतं की आम्ही हळूच उघडतो. साध्या पाण्याचा उकळबिंदू १०० अंश, पण ०.९ बार म्हणजे साधारण १३ पीएसआयच्या झाकणाखाली तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण ढिलं केलं की दाब जातो आणि शंभरच्या वर असलेलं सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. वरचा होज दाबून बघा, मऊ आणि हाताला सोसेल इतका गार असेल तरच झाकणाला हात. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा रिकाम्या झालेल्या रेडिएटरमध्ये गार पाणी ओतू नका, हेडला किंवा ब्लॉकला तडा जातो आणि मग सगळाच खर्च वेगळा होतो.

आता तपासणी, फुकटातली आधी

पाण्याची पातळी. सकाळी इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकणच उघडून बघा, नुसती बाजूची बाटली बघून समाधान मानू नका. बाटलीत पाणी असतं आणि रेडिएटर रिकामा असतो, असं खूप वेळा सापडतं, कारण झाकणातला छोटा व्हॉल्व्ह किंवा बाटलीचा बारीक पाइप खराब झाला की गार होताना पाणी परत आत ओढलं जात नाही. पाणी तोंडाजवळ दिसायला हवं. कमी असेल तर भरा, पण भरून विषय संपला असं नाही. ही बंद सिस्टम आहे, यातलं पाणी आपोआप संपत नाही. दर आठवड्याला थोडं टाकावं लागतंय याचा अर्थ ते कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय ते सापडेपर्यंत दुखणं सुटलेलं नाही. होजच्या टोकांना, वॉटर पंपाखाली, रेडिएटरच्या टाकीच्या सांध्याला पांढरा किंवा रंगीत सुकलेला डाग बघा, गरम इंजिनवर गळती लगेच वाळते त्यामुळे ओलं दिसत नाही, डागच दिसतो.

जाळी आणि रेडिएटरच्या फिन्स, म्हणजे त्याच्या नळ्यांवरच्या पातळ पत्र्या. मला एकच गोष्ट सांगायची परवानगी दिली तर मी ही सांगेन. खरंच तापणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरांत सगळ्यात जास्त वेळा मला हेच कारण सापडतं. छोट्या ट्रॅक्टरचा रेडिएटर लहान, जमिनीपासून खाली, आणि काम नेमकं गवत, भुसा, पाचट, धूळ यातलं. समोरची जाळी सगळे झटकतात, ती काढून हातात घेऊन मागचा रेडिएटर कुणी बघत नाही. आणि ज्या मॉडेलला रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर किंवा एसीचा कंडेन्सर आहे तिथे खरा कचरा त्या दोघांच्या मधल्या फटीत असतो. पुढून बघितलं तर कूलर स्वच्छ, मागून पंख्याच्या बाजूने बघितलं तर रेडिएटरही बरा दिसतो, आणि मधे बोटभर जाडीचा गवताच्या बियांचा आणि धुळीचा थर, ऑइलचा हलका ओलावा लागून असा घट्ट बसलेला की रेडिएटरला गोधडी पांघरल्यासारखी. कूलरचे दोन-तीन बोल्ट ढिले करून तो पुढे सरकवता येतो बहुतेक ठिकाणी, पाइप न काढता. टॉर्च रेडिएटरच्या एका बाजूला धरा आणि दुसऱ्या बाजूने बघा, प्रकाश सगळीकडून सारखा आरपार यायला पाहिजे, जिथे काळं दिसतं तिथे हवा जात नाही.

साफ करताना दिशा महत्त्वाची. हवा पुढून आत येते म्हणजे कचराही पुढून आत घुसलेला असतो, त्यामुळे फुंकायचं पंख्याच्या बाजूने पुढे, उलट्या दिशेने. पुढून जोरात पाणी मारलं तर कचरा अजून आत ठासला जातो. प्रेशर वॉशर जवळ धरून मारू नका, फिन्स आडव्या होतात आणि मग ती जागा कायमची बंद. आधी कोरडी हवा, मग साध्या पाइपचं पाणी, मग परत हवा. ऑइलकट चिकटलं असेल तर सौम्य साबणाचं पाणी मारून थोडा वेळ मुरू द्या. आणि हे सगळं इंजिन गार असताना, बंद करून. कामाच्या दिवसांत, धुळीत आणि वाळलेल्या गवतात, जाळी दर दोन-तीन तासांनी झटकणं यात काही जास्तीचं नाही.

फॅन बेल्ट. बहुतेक ट्रॅक्टरांत हाच बेल्ट पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर तिघांना फिरवतो. मधल्या लांब भागावर अंगठ्याने दाबा, साधारण १० मिलिमीटर आसपास आत जायला हवा, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. जास्त ढिला असेल तर जड लोडवर घसरतो आणि पंखा आणि पंप दोन्ही हळू फिरतात, वरून बघताना मात्र सगळं फिरतंय असंच दिसतं. बेल्टच्या बाजू चकचकीत झाल्या असतील, आतून चिरा असतील तर ताणून उपयोग नाही, बदला. अति ताणूही नका, पंपाची आणि अल्टरनेटरची बेअरिंग जाते.

बेल्ट बघताय तर पंखाही बघून घ्या. पात्या तुटल्यात का, भोवतीचं कडं, म्हणजे श्राउड, जागेवर आहे का. श्राउड काढून टाकलेला ट्रॅक्टर मी बघतो तेव्हा बाकी काही न विचारता आधी ते परत बसवायला सांगतो, कारण त्याशिवाय पंखा रेडिएटरमधून पुरेशी हवा ओढत नाही, आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो. आणि याआधी कुणी काम केलं असेल तर पंखा उलटा तर बसवला नाही ना बघा. उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेने जाते, पण बरीच कमी जाते, म्हणून हे लवकर लक्षात येत नाही.

चालवायची पद्धत. यात पैसा लागत नाही म्हणून याच टप्प्यावर सांगतो. कमी रेसवर, वरच्या गियरमध्ये, इंजिन गुरगुरत कण्हत काम करत असेल तर उष्णता भरपूर तयार होते आणि पंखा-पंप मात्र हळू फिरतात. गियर खाली घ्या, रेस पीटीओच्या खुणेपर्यंत न्या, काटा आपोआप उतरला तर ट्रॅक्टरमध्ये दोष नव्हता. ब्रेक अडकून राहिलाय का, अवजार गरजेपेक्षा खोल लागलंय का, तेही बघा. हायड्रोस्टॅटिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) गियरवाल्या ट्रॅक्टरांत लांब चढावर ट्रान्समिशनचं ऑइल तापतं आणि त्याच्या कूलरची गरम हवा सरळ रेडिएटरवर येते, ही गोष्ट लोक विसरतात. इंजिन ऑइलची पातळीही बघा, इंजिनची काही उष्णता ऑइलही वाहून नेतं. एअर फिल्टर चोंदला असेल तर काळा धूर, कमी ताकद आणि जास्त ताप, तिन्ही एकत्र येतात.

आता मीटर खरं बोलतंय का

वरचं सगळं ठीक असेल तर पार्ट विकत घ्यायच्या आधी हे करा. इन्फ्रारेड थर्मामीटर, ती पिस्तुलासारखी गन, कुणाकडून तरी मागून आणा. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर थर्मोस्टॅटच्या हाऊसिंगवर, सेन्सरच्या बुडाशी आणि वरच्या-खालच्या होजवर धरा. चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते, म्हणून त्या जागी आधी काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजायचं. बहुतेक इंजिनांत ८० ते ९५ अंश ही नेहमीची रेंज. काटा लालवर आणि गन ८५ दाखवतेय, तर इंजिनला हात लावू नका, दुखणं मीटरचं आहे. गन ११० दाखवतेय तर मीटर बरोबर आहे, पुढच्या भागात जा.

मीटरच्या बाजूला दोष निघाला तर आधी सेन्सरवरची वायर बघा. हा सेन्सर बहुतेक वेळा हेडवर थर्मोस्टॅटच्या जवळ असतो आणि एका वायरचा असतो, त्याचं अर्थिंग त्याच्या आट्यांतून इंजिनला मिळतं. टोक गंजलेलं, हिरवं पडलेलं असेल तर घासून साफ करा. मग किल्ली चालू, इंजिन बंद, वायर सेन्सरवरून काढा. काटा तळाला जायला हवा. नाही गेला आणि वरच राहिला तर वायर मधे कुठेतरी इंजिनला किंवा बॉडीला घासून अर्थ झालीये. मग तीच वायर इंजिनच्या स्वच्छ धातूला एक-दोन सेकंद टेकवा, काटा वर जायला हवा. गेला तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक, सेन्सर खराब. नाही गेला तर वायर तुटलेली किंवा मीटर खराब. जास्त वेळ टेकवून धरू नका, मीटरची कॉइल जळू शकते. आणि एक इशारा, ज्या ट्रॅक्टरला डिजिटल मीटर आहे, सेन्सरला दोन वायरी आहेत, किंवा इंजिनला कंट्रोलर आहे तिथे वायर टेकवायची ही युक्ती करायची नाही, तो वायरमनचा विषय. अगदी जुन्या काही ट्रॅक्टरांत वायरच नसते, मीटरपासून इंजिनपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते, ती वाकली-तुटली की मीटर सेटसकट बदलावं लागतं, ती कापून जोडता येत नाही.

सेन्सर काढून मल्टीमीटरने ओहम मोजता येतात. थंड असताना रेझिस्टन्स जास्त, गरम पाण्यात धरल्यावर तो सरळ एका चालीने खाली यायला हवा. आकडे प्रत्येक सेन्सरचे वेगळे असतात पण चाल हीच. मधेच उडी मारली किंवा हललाच नाही तर सेन्सर गेला. नवीन घेताना त्याच मॉडेलचा घ्या. आटे बसले म्हणून दुसऱ्या गाडीचा सेन्सर लावला तर तो चालेल, पण मीटरशी त्याचे ओहम जुळणार नाहीत आणि काटा कायम खोटा राहील, आणि पुढे कधी इंजिन खरंच तापलं तर ते कळणारही नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेढे देऊ नका, अर्थिंग तुटतं.

अजून एक खूण. हेडलाइट लावली की टेम्परेचरचा काटा हलतो, किंवा टेम्परेचर आणि डिझेल दोन्ही काटे एकदमच चुकीचं दाखवतात, तर सेन्सरला दोष देऊ नका. डॅशबोर्डचं अर्थिंग ढिलं आहे किंवा मीटरला जाणारा व्होल्टेज बरोबर नाही. डॅशबोर्डच्या मागची अर्थिंगची वायर, तिचा स्क्रू आणि फ्यूजचे संपर्क साफ करून घट्ट केले की बहुतेकदा दोन्ही काटे ठिकाणावर येतात.

इंजिन खरंच तापतंय, आता पुढे

रेडिएटरचं झाकण. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. रबर कडक झालेलं, चिरलेलं, स्प्रिंग ढिली, की दाब धरत नाही आणि पाणी लवकर उकळून बाटलीत आणि तिथून जमिनीवर जातं. मधला छोटा व्हॉल्व्ह बोटाने ओढून सोडा, परत बसायला हवा. तो अडकला तर सकाळी होज पाइप चपटा झालेला दिसतो. नवीन झाकण घेताना वर लिहिलेला दाब जुन्याइतकाच पाहिजे, जास्तीच्या दाबाचं लावलं तर जुने होज आणि रेडिएटरचे सांधे फुटतात.

होज पाइप. दाबून बघा, फुगलेला, चिकट झालेला, चिरलेला असेल तर बदला. खालचा होज खास बघा, पंपाच्या ओढीने तो जास्त रेसवर आत चपटा होतो आणि पाण्याची वाट बंद होते, स्लो रेसवर मात्र परत गोल दिसतो. म्हणून कुणाला तरी रेस वाढवायला सांगून बाजूला उभं राहून बघा, सैल कपडे आणि हात पंख्यापासून लांब ठेवून.

दोन्ही होजचं तापमान खूप काही सांगतं. इंजिन तापलंय, वरचा होज मात्र गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा पाणीच नाहीये. वरचा गरम आणि खालचा एकदम गार, तर पाणी रेडिएटरमधून पुरेसं फिरत नाही, आतून नळ्या बंद किंवा पंप कमजोर. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम आणि काटा चढतोच आहे, तर पाणी फिरतंय पण रेडिएटर उष्णता सोडत नाहीये, परत जाळी-पंखा-फिन्सकडे जा. गन रेडिएटरच्या अंगावरून फिरवली आणि मधेच गार पट्टा सापडला, तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत.

थर्मोस्टॅट. तपासायला भांड्यात पाणी आणि एक थर्मामीटर पुरतो. थर्मोस्टॅटच्या कडेवर अंश कोरलेले असतात, ७१, ७७, ८२ असे काहीतरी. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, तळाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवत जा. लिहिलेल्या अंशाच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि त्यापुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण. गार झाल्यावर पूर्ण बंदही झाला पाहिजे. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि छोटं हवेचं भोक असेल तर ते वर. गॅस्केट नवीन.

आणि कृपया थर्मोस्टॅट काढून टाकून ट्रॅक्टर चालवू नका. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो इंजिनचं आयुष्य खातो. इंजिन कामाच्या तापमानाला येत नाही, डिझेल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल साठून गाळ होतो, लायनर आणि रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडल्यावर बायपासची वाटही बंद करतो, तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं आणि ट्रॅक्टर उलट जास्त तापतो. अगदी जुन्या काही छोट्या मॉडेलांत मुळातच पंप आणि थर्मोस्टॅट नसतो, गरम पाणी आपोआप वर चढतं आणि गार खाली येतं, त्यांचं वेगळं, तिथे पाण्याची पातळी थोडी जरी वरच्या होजखाली गेली तरी फिरणं थांबतं.

आतला गाळ. वर्षानुवर्षं जड पाणी भरलं असेल तर ब्लॉकमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो, आणि हा थर उष्णता धरून ठेवतो. सगळं पाणी काढा, ब्लॉकचा ड्रेन प्लग पण उघडा, नुसता रेडिएटरचा नाही. पाणी गंजकट लाल निघालं तर स्वच्छ निघेपर्यंत फ्लश करा. क्लिनर वापरायचा तर रेडिएटरसाठीच बनवलेला, डब्यावर लिहिलंय तेवढाच वेळ, ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला तीव्र ॲसिड किंवा कॉस्टिक अजिबात नाही. मग डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट फक्त बर्फ पडणाऱ्या ठिकाणीच लागतं हा गैरसमज आहे, ते गंज थांबवतं, पंपाची सील सांभाळतं आणि उकळबिंदू वाढवतं. वेगवेगळ्या जातीचे कूलंट मिसळू नका, आणि रंग सारखा म्हणून जात सारखी असं धरू नका. काढलेलं कूलंट उघड्यावर किंवा नालीत सोडू नका, चवीला गोड असतं, जनावरं चाटतात आणि मरतात.

गळती बंद करणारी पावडर टाकायला मी सांगत नाही, ती भोकाबरोबर रेडिएटरच्या बारीक नळ्याही बंद करते.

परत भरताना हळू भरा, ट्रॅक्टरचं तोंड थोडं चढाला ठेवून, केबिन असेल तर हीटरचा व्हॉल्व्ह उघडा. झाकण न लावता स्लो रेसवर चालू ठेवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी झपकन खाली जाते, परत भरा, झाकण लावा. दुसऱ्या दिवशी थंड असताना परत बघा. आत हवा अडकून राहिली तर काटा उड्या मारतो आणि लोक नुकत्याच केलेल्या सगळ्या कामावर संशय घेतात.

वॉटर पंप. खाली एक छोटं भोक असतं, त्यातून थेंब येत असतील तर सील गेली. इंजिन बंद करून पंखा धरून पुढे-मागे, वर-खाली हलवा, प्ले लागला तर बेअरिंग गेली. अशा पंपावर ट्रॅक्टर चालवत राहिलात तर एक दिवस पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसतो. साधी पाने-स्क्रूची सवय असेल तर पंप घरी बदलता येतो, पण बोल्ट गंजून अडकलेले असतील तर जोर लावू नका, ब्लॉकमध्ये तुटला की काम दहापट.

इथे थांबा आणि मेकॅनिक बोलवा

थंड इंजिन, झाकण उघडं, पाणी भरलेलं, इंजिन चालू करा आणि पहिल्या एक-दोन मिनिटांतच बघा, चेहरा लांब ठेवून. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात ते अडकलेल्या हवेचे. पण बुडबुडे सतत, रेस वाढवली की जास्त, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात येतोय. हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला चीर आहे. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरात होज दगडासारखे कडक होणं, बाहेर कुठेही गळती नसताना पाणी कमी होत जाणं, सायलेन्सरमधून पांढरा गोडसर वासाचा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, ही सगळी त्याचीच भावंडं. दुधाळ ऑइल दिसलं तर ट्रॅक्टर चालूसुद्धा करू नका, ओढून न्या, कारण पाणी मिसळलेलं ऑइल बेअरिंगा काही मिनिटांत खाऊन टाकतं. हेड खोलणं म्हणजे नुसतं गॅस्केट बदलणं नव्हे, हेड वाकलंय का ते मोजायचं असतं, चिरा तपासायच्या असतात, आणि बोल्ट ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या टॉर्कला आवळायचे असतात.

याशिवाय रेडिएटरच्या नळ्या आतून बंद असतील तर रेडिएटरवाल्याकडेच द्या. डिझेल पंपाच्या आणि इंजेक्टरच्या टायमिंगचा संशय असेल, म्हणजे सगळं स्वच्छ, सगळं नवीन, पाणी फिरतंय आणि तरी जड लोडवर तापतो, ताकद कमी आहे, धूर आहे, तर तो डिझेल पंपवाल्याचा विषय. एसीचा कंडेन्सर पाइपसकट सोडवावा लागत असेल तर गॅसवाल्याला बोलवा. आणि इंजिन एकदा जोरदार तापून आपोआप बंद पडलं असेल किंवा तापल्यापासून ठोक ठोक आवाज येत असेल, तर वरची कुठलीच तपासणी करत बसू नका आणि सेल्फही मारू नका.

मेकॅनिकला फोन करताना एवढं सांगा: काटा इंजिन थंड असतानाच चढतो की लोडवर, गनने थर्मोस्टॅटपाशी किती अंश मोजले, वरचा-खालचा होज कसा आहे, किती दिवसांत किती पाणी टाकावं लागतं, ऑइलचा रंग, आणि आतापर्यंत कुठला पार्ट बदलला. बदललेला जुना पार्ट फेकला नसेल तर तोही दाखवा.